बुआची आत्या झाली ती सुट्टी

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही काय करायचात, असं मला कुणी विचारलं तर खरं उत्तर असं आहे की काहीच नाही, आणि तेही आम्ही फार मन लावून करायचो. मी तेव्हा अकरावीत जाणार होते आणि धाकटा भाऊ नववीत. मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटला मे महिन्यात सकाळचा नाश्ता आटोपला की बाहेर पडायची बंदी. लू लागते म्हणून आई दाराला आतून कडी घालायची, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं बैठकीत कूलरसमोर पालथे पडलेले. कूलरसमोर खरी जागा एकाचीच. दुसऱ्याला उरलीसुरली झुळूक मिळायची, तीही पहिल्याच्या डोक्याच्या तेलाचा वास घेऊन. भाऊ मोबाईलवर गेम खेळायचा, मी रील बघायचे, आणि वीज गेली की दोघं मिळून सरकारला नावं ठेवायचो. आमची एकी तेवढ्यापुरतीच असायची.

घरात तिसरी सुट्टीवाली होती ती आत्या. बाबांची धाकटी बहीण. लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे आमची सुट्टी तीच तिचीही सुट्टी. ती आमच्याच घरात राहायची, मागच्या खोलीत, आणि घरात जी काही मजा होती ती सगळी त्या खोलीतून निघायची. बिरसाकडच्या जंगलातून बायका टोपलीत घेऊन येतात ती तेंदूची पिवळी गोड टेंभरं आणून लपवून ठेवणार ती, पत्त्यात उघड उघड लबाडी करणार ती, आणि पकडली गेली की उलट आपल्यावरच डोळे वटारणारीही तीच. आईला आमचा राग आला की आम्ही त्या खोलीत पळायचो. बाबांना आला तरी तिथेच.

तिला आम्ही बुआ म्हणायचो. सगळं बालाघाटच आत्याला बुआ म्हणतं. आमचे पणजोबा भंडाऱ्याकडून इकडे आले, पण ते आता कोण लक्षात ठेवतो? आई-बाबा आपसात मराठी बोलायचे, म्हणजे 'मले', 'तुले', 'का' ऐवजी 'काहून', आणि बायकाही 'मी करतो' म्हणणार, अशी घरातली मराठी. आमच्याशी बोलताना त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. आम्ही दोघं उत्तर द्यायचो ते सरळ हिंदीतच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या सुट्टीपर्यंत.

झालं असं की किरनापूरच्या मामांनी आत्यासाठी एक स्थळ आणलं. मुलगा गोंदियाला बँकेत, आई वर्ध्याला, वडील नाहीत. गोंदियाला एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून आत्याचा फोन गच्चीवर जायला लागला होता. भर दुपारी. आम्हाला दारातून डोकं बाहेर काढलं तरी लू लागायची, हिला मात्र तापलेल्या गच्चीवर तासभर उभं राहून काही होत नव्हतं. मी आईला हे बोलून दाखवलं तर आई म्हणाली, "तुले समजलं ना? मंग चूप राह्य."

प्रश्न मुलाच्या आईचा होता. बाईंनी जन्मभर शाळेत मराठी शिकवली होती. आता निवृत्त झाल्या होत्या, पण मामा सांगायचे की लोकांच्या लग्नपत्रिका आल्या तरी त्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतात आणि मग तारीख. त्यांनी मामांना विचारलं होतं, "मुलगी चांगलीच असेल. पण त्यांच्या घरात मराठी बोलतात, की नुसतं आडनाव मराठी आहे?"

मामांनी हे हसत हसत सांगितलं. आत्या हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कुरडया वाळत घालताना ती मला म्हणाली, "मले हाच मुलगा पायजे. दुसरा नाही." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. पत्त्यात लबाडी करणारी बाई ती. मला एकदम तिची काळजी वाटली, आणि मी वचन देऊन बसले की तू म्हणशील ते करू.

ते वचन मला महागात पडलं. त्याच दुपारी आमचे दोन्ही मोबाईल तांदळाच्या कोठीत गेले आणि बैठकीत मराठीचा वर्ग सुरू झाला. मुलाकडचे पाहुणे बघायला येईपर्यंत घरात हिंदी बंद. ज्याच्या तोंडून हिंदी शब्द निघेल त्याने कूलरसमोरून उठायचं. पहिल्या दिवशी माझा भाऊ दुपारभर भिंतीपाशी बसून होता. "पंखा तो चला दो" म्हणाला, तेवढ्याने त्याची शिक्षा अजून वाढली. त्याच्यापुढे एवढं मोठं संकट वार्षिक परीक्षेतही आलं नव्हतं.

पहिला धडा आत्याच्याच नावाचा. "बुआ नाही म्हणायचं. मराठीत बुवा म्हणजे दाढीवाला, कीर्तन करणारा. त्या बाईंसमोर तुम्ही 'बुआ आली' म्हटलं तर त्या दाराकडे दाढी शोधतील. आत्या म्हणायचं. आ-त्या." ज्या तोंडाने जन्मभर बुआ म्हटलं त्या तोंडाला हे वळेना. भाऊ तिला हाक मारायची वेळ आली की आधी घसा खाकरायचा, मग डोळे मिटायचा, आणि मग कुठे "आत्या" बाहेर पडायचं. मी तर काही दिवस तिला हाकच मारणं बंद केलं होतं. जवळ जाऊन दंडाला हात लावायचे.

दुसरी पंचाईत अशी की आम्हाला शिकवणारी आत्या स्वतः हिंदी शाळेत शिकलेली. तिला येत होती तीही घरचीच मराठी, आणि 'मले-तुले' त्या बाईंसमोर चालणार नाही असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. हवी होती ती पुस्तकातली. ती कुणालाच येत नव्हती. मग तिने टीव्हीवरच्या मराठी मालिका लावल्या आणि त्यांतल्या सासवा कशा बोलतात ते ऐकून आम्हाला शिकवू लागली. त्यामुळे थोडे दिवस आमच्या घरात सगळेच जण कुठल्या तरी कारस्थानात असल्यासारखे बोलत होते.

आईलाही सोडलं नाही. "वहिनी, त्या दिवशी सांभार म्हणायचं नाही. कोथिंबीर म्हणायचं."

आई भाजी निवडत होती. ती जुडी हातात धरून म्हणाली, "मी जनमभर हिले सांभार म्हटलं. हिले कधी राग नाही आला."

"तिकडं सांभार म्हनजे इडलीसंगचा."

"मंग इडली करतो मी. भांडनच नोको."

आत्याला सगळ्यात मोठा शोध लागला तो दुसऱ्या आठवड्यात. तिच्या लक्षात आलं की अवघड शब्द दोन्ही भाषांत सारखेच असतात. व्यवस्था, आनंद, उत्तम, परिवार, कृपा. "साधे शब्द वेगळे, जड शब्द एकच," तिने जाहीर केलं. "म्हणून अडलं की घाबरायचं नाही. हिंदीतला सगळ्यात जड शब्द आठवायचा आणि ठोकून द्यायचा. डोळे झाकून." हा नियम भावाला फार आवडला. त्याने नुकतेच परीक्षेसाठी हिंदीचे समानार्थी शब्द ढीगभर पाठ केले होते आणि त्यांचं पुढे काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. आता तो पाणी मागतानाही जल म्हणू लागला. बाबांना म्हणाला, "पिताजी, टाकी खाली आहे."

बाबा म्हणाले, "खाली नाही बेटा, वर आहे. गच्चीवर."

सगळे हसले, आत्याही हसली. पण त्या हसण्यातून कुणी काही शिकलं नाही. 'खाली' हा साधा शब्द आहे, जड नाही, असं म्हणून तिने आपला नियम तसाच ठेवला.

पाहुणे आले ते रविवारी. बाई, त्यांचा मुलगा आणि मध्यस्थ म्हणून मामा. बाई सडपातळ, सुती साडी, चष्म्याला दोरी. उंबरठ्यातच म्हणाल्या, "नमस्कार. बाहेर रणरणतं ऊन आहे, पण तुमचं घर छान गार आहे हो." इतकी स्वच्छ मराठी आमच्या बैठकीत कधी कुणी बोललं नव्हतं. आमची सगळ्यांची दातखीळ बसली. मामांनीच आमच्या वतीने "हौ हौ" केलं आणि आत्याने मामांकडे जळजळीत पाहिलं.

बाबांनी सुरुवात केली. ते सकाळपासून येरझाऱ्या घालत पाठ करत होते. "आमच्या परिवारात शिक्षेला फार महत्त्व आहे," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा नीट केला. "असं?"

"हो. माझ्या बहिणीची संपूर्ण शिक्षा जबलपूरला झाली."

मुलाला ठसका लागला. बाईंनी त्याला पाण्याचा पेला दिला आणि शांतपणे विचारलं, "किती वर्षांची झाली?"

"तीन वर्षांची," बाबा अभिमानाने म्हणाले. "तिची वागणूक इतकी उत्तम होती की सगळे अजून नाव काढतात."

हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीतली म्हणजे तुरुंगातली सजा, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मुलगा रुमालात तोंड खुपसून बसला आहे आणि बाईंच्या ओठांचा एक कोपरा जरा हलतो आहे. मला वाटलं, आवडलं त्यांना. भावालाही तसंच वाटलं असणार, कारण तो ताठ बसला. बाबांचा जड शब्द चालला होता. नियम खरा ठरला होता.

आत्या सरबत घेऊन आली. पेले ट्रेमध्ये किणकिणत होते. ती बसली आणि मालिकेतल्या सुनेसारखी म्हणाली, "आपला प्रवास सुखकर झाला ना?" बाई म्हणाल्या, "झाला." कूलरचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. बाई आत्याकडे बघत होत्या आणि आत्या पायाच्या अंगठ्याकडे. इतकं पाठ केलेलं, पण तिला पुढचं एक वाक्य आठवत नव्हतं. ही बाई आत्ता उठून जाईल आणि आत्या पुन्हा कधी हसणार नाही, असंच मला वाटलं.

शेवटी बाईंनीच मान वळवून माझ्या भावाकडे पाहिलं. शिक्षकच त्या. गप्प वर्गात एखाद्या मुलाला उभं करावं तसं त्यांनी त्याला विचारलं, "काय रे, मी स्वभावाने फार कडक आहे बरं का. तुझ्या आत्याचं माझ्याशी जमेल असं वाटतं तुला?"

भाऊ उभा राहिला. त्याला सांगायचं होतं की आत्या पूर्ण प्रयत्न करेल. 'कोशिश' ओठांवर आलं होतं, ते मला दिसलं. ते त्याने गिळलं. मग तो समानार्थी शब्दांच्या ढिगात उतरला. प्रयास, प्रयत्न, आणि त्या दोघांच्याही पुढचा, सगळ्यात जड. त्याने डोळे झाकले.

"हो. आत्या पूर्ण चेष्टा करेल."

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "माझी?"

"हो, तुमचीच," तो म्हणाला. त्याला वाटलं, अजून खात्री द्यायला हवी. "रोज करेल. सकाळ-संध्याकाळ."

मुलगा म्हणाला, "आई, त्याला तसं…" बाईंनी हाताने त्याला गप्प केलं आणि आत्याकडे वळल्या. "खरं का गं? करशील माझी चेष्टा?"

आणि आमच्या आत्याने, जिच्या हिंदी शाळेत चेष्टा म्हणजे प्रयत्नच होता, पहिल्यांदा मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती अगदी कळवळून म्हणाली, "मनापासून करीन. तुम्ही संधी तर द्या. कधी कमी पडू देणार नाही."

मामांनी कपाळाला हात लावला. किरनापूरला त्यांचं दुकान, महाराष्ट्रातले व्यापारी रोजचे, त्यांना सगळं कळत होतं. बाबांना काहीच कळत नव्हतं, ते कौतुकाने बहिणीकडे बघत होते. आणि बाईंच्या खांद्यांना आधी एक हेलकावा बसला, मग दुसरा, मग चष्मा नाकावरून घसरला, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अवो माय वं!"

त्या हसायला लागल्या त्या थांबेनात. पदर तोंडाला, डोळ्यांतून पाणी. मध्येच "सकाळ-संध्याकाळ" म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. "तीन वर्षांची शिक्षा," म्हणाल्या आणि मुलाच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग मामांनी आम्हाला समजावून सांगितलं की मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, टिंगल, मस्करी. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिचं सगळं पुस्तक गळून पडलं.

"मले तसं नव्हतं म्हनायचं," ती म्हणाली. "खरंच सांगतो, मले कोशिश म्हनायचं होतं. ह्या पोराले मीच शिकवलं. चूक मायी आहे."

"आता कसं बोलली!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "हेच बोल नं वं. काहून मघानपासून बातम्या वाचल्यावानी बोलून राह्यली? मले वाटलं, ह्या पोरीसंग घरात माही कशी निभन. दिवसभर शुद्धच बोला लागन."

आई तोवर स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती तोंड वासून बाईंकडे बघत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की विचारू नका. पानं घेतली तेव्हा तिने आमच्याकडच्या चिन्नोर तांदळाचा वाफाळता भात वाढला, बेसनाच्या पातोडीचा रस्सा वाढला, आणि बाईंनी "वरतून थोडा सांभार हाय का हो?" विचारताच आत्याकडे बघत बघत मूठभर चिरलेला सांभार त्यांच्या वाटीत टाकला. तेवढ्या एका मुठीत तिने आत्याच्या सगळ्या धड्यांचं उट्टं काढलं.

जेवताना बाई बोलल्या ते मला चांगलं आठवतं. त्या आत्याच्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "याचे बाबा होते तर दिवसातून धा खेपा माही चेष्टा करत. माह्या चालन्याची, माह्या बोलन्याची. मी तापली का अजूनच. ते गेले आन घरात कोनी हासलंच नाही. हा पोरगा मले भेते. शाळेतले लोक भेत. मी बोललं का समदे हौ म्हनतात." मग भात कालवत कालवत म्हणाल्या, "तू कर वं माही चेष्टा. मले करनारीच पायजे."

आत्याने रश्श्याची वाटी उचलली आणि मुद्दाम बाईंच्या ताटात सगळीच्या सगळी ओतली, अर्धा रस्सा ताटाबाहेर. बाईंनी तिच्या हातावर चापट मारली आणि दोघी हसल्या. पुढच्या बोलण्यात मग कुणाला फारसा रस उरला नाही. मामा तारखेचं काढत होते, दिवाळीनंतरचं बघू म्हणत होते, बाबा सगळ्याला मान डोलावत होते. मुलगा जाताना माझ्या भावाशी हात मिळवून म्हणाला, "थँक यू, यार." भाऊ हवेत होता.

गाडी वळणाआड गेली आणि आमच्या घरात एकच दंगा उसळला. बाबा पेढे आणायला धावले. आईने आत्याची दृष्ट काढली. मोबाईल कोठीतून बाहेर आले, त्यांच्या चार्जिंगच्या भोकांत तांदूळ अडकले होते, आणि त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. हिंदीवरची बंदी उठली. भावाला प्रत्येकाने दोन-दोनदा ते वाक्य म्हणायला लावलं आणि तो डोळे झाकून, उभा राहून, म्हणत राहिला. आम्ही हसून हसून जमिनीवर लोळलो. असा आनंद मी त्या घरात पुन्हा पाहिला, पण त्याआधी कधी नव्हता पाहिला.

मग बाबा पेढे घेऊन आले आणि आईने सहज म्हटलं, "दिवाळीनंतर लग्न म्हनजे मागची खोली त्याच्याआधीच रंगवून घेऊ. मंग ते पोरीले होईल, पुढच्या साली तिचा बारावीचा अभ्यास आहे." पोरगी म्हणजे मी. मी खूश झाले. मला स्वतःची खोली मिळणार होती.

भाऊ पेढा तोंडाकडे नेता नेता थांबला. त्याने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग आईकडे. "म्हणजे ती जाईल?"

"हौ," आई म्हणाली. "लग्न झाल्यावर जातातच नं बेटा. वर्ध्याले जाईल, नाही तर गोंदियाले."

आमच्यापैकी कुणीच हा विचार केला नव्हता. खरंच सांगते, कुणीच नाही. अख्खी सुट्टी आम्ही पास व्हायचं कसं तेवढंच बघत होतो. भावाच्या खालच्या ओठाला कापरं भरलं. तो चौदा वर्षांचा होता, मिसरूड फुटत होती, आणि कुणासमोर रडायचं नाही असं त्याने अलीकडेच ठरवलं होतं. तो आत्याकडे बघून ओरडला.

"मंग मी काहून एवढं पाठ केलं?"

आत्याने त्याला जवळ ओढलं. तो तिला ढकलत होता आणि सोडतही नव्हता. मग मीही जाऊन तिच्या गळ्यात पडले, आणि बाबा हातात पेढ्यांचा डबा उघडा धरून आमच्याकडे बघत रडत उभे राहिले.